झाकण लावून राहिलो होतो

माझी बोली किनवटची. आमच्याकडे माणूस 'जेवून राहिला' म्हटलं की तो जेवतोय, आणि 'येऊन राहिला' म्हटलं की वाटेत आहे. लातूरला नोकरीला आलो तर तिथले लोक 'जेवायलो', 'यायलो' म्हणणारे. त्यांना माझ्या बोलण्याची लई गंमत वाटायची. काय मामा, काय करून राहिले, असं कोणीही येता-जाता विचारायचं आणि मी तापायचो. तुमचं ते यायलो-जायलो फार शुद्ध लागून गेलं का, म्हणायचो. बोली बदलायची मला कधी गरज पडली नाही. पण त्या एका 'राहिलो'नं मला असं घाबरवलं, की आजही कोणी सरकारी माणूस समोर बसून कागदावर लिहायला लागला की माझ्या तळहातांना घाम सुटतो.

लातूरजवळ विमान चालवायला शिकवणारी एक खासगी शाळा होती. मी तिथे हेल्पर होतो. वय बेचाळीस, शिक्षण नांदेडच्या आयटीआयचं, डिझेल मेकॅनिक. विमानं म्हणजे छोटी, दोन-चार माणसं मावतील एवढी, वर आडवे पंख असलेली. सकाळी ती शेडमधून ढकलत बाहेर आणायची, काचा पुसायच्या, चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे आणि पेट्रोल भरायचं. पेट्रोलच्या टाक्या पंखांत असतात, म्हणून शिडी लावून वर चढावं लागतं. विमानाचं पेट्रोल निळं असतं, त्यात रंग घातलेला असतो. टाकीचं झाकण आपल्या मोटारसायकलच्या झाकणापेक्षा थोडं मोठं, साखळीनं बांधलेलं. ते भोकात बसवायचं आणि पाव फेरा पिळायचं. नीट लागलं की 'खट्ट' आवाज येतो. हे काम मी सात वर्षं केलं होतं. झोपेतही केलं असतं.

शिकणारी पोरं मला मामा म्हणायची, मी त्यांना सर आणि मॅडम म्हणायचो. त्यांच्यात नायगावकडची एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. वडील शाळेत मास्तर. बाकीची पोरं खालूनच 'मामा, फुल ना?' असं ओरडून मोकळी व्हायची. ही मात्र दर वेळी स्वतः शिडी चढायची, झाकण उघडायची, टाकीत मापाची काडी बुडवून पेट्रोल बघायची आणि आपल्या हातानं झाकण पिळून उतरायची. उतरताना म्हणायची, मामा, तुमच्यावर विश्वास आहे, पण सरांनी असंच शिकवलंय. मी म्हणायचो, बघा बघा, तुमचं विमान हाय. खरं सांगायचं तर मला तिचं कौतुक वाटायचं.

त्या दिवशी तिला एकटीनं लातूरहून नांदेडवर जाऊन परत यायचं होतं. तिनं नेहमीसारखं वर चढून दोन्ही टाक्या बघितल्या, झाकणं पिळली. मग शाळेचे मोठे साहेब म्हणाले, उजव्या टाकीत अजून थोडं टाका, असू द्या जास्तीचं. ती कागदावर सही घ्यायला ऑफिसात गेली आणि मी शिडी चढलो. पेट्रोल टाकलं. झाकण हातात घेतलं, भोकात बसवलं, आणि तेवढ्यात साहेबांनी शेडमधून हाक मारली की शिडी काढ, दुसरं विमान आत येतंय. मी 'आलो' म्हणालो. दुसरी हाक आली. तिसऱ्या हाकेला शिवी होती. मी उतरलो, शिडी खांद्यावर घेतली आणि पळालो.

परत आलो तर ती ऑफिसातून धावत येत होती, काखेत फाईल. आधीच उशीर झाला होता. तिनं विचारलं, "मामा, झाकण लागलं?"

मी म्हणालो, "हाव."

ती बसली, दार ओढून घेतलं आणि गेली.

पाऊण तासानं फोन आला. लोह्याच्या अलीकडे हवेतच पेट्रोल संपलं होतं. इंजिन बंद पडल्यावर तिनं विमान हरभरा पेरलेल्या एका रानात उतरवलं, आणि चांगलं उतरवलं, असं सगळे म्हणत होते, पण शेवटी ते धुऱ्याला, म्हणजे रानाच्या बांधाला, धडकून नाकावर उभं राहिलं. ती जिवंत होती. पाठीचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता. नांदेडला विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं.

साहेब माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. झाकण लावलं होतंस ना, त्यांनी विचारलं. हाव साहेब, मी म्हणालो. ते गेले आणि मी शेडमागं जाऊन बसलो. बसल्या बसल्या मी तो 'खट्ट' आवाज आठवायला लागलो. हाक आठवत होती, शिवी आठवत होती, शिडीच्या पायऱ्या मोजून आठवत होत्या. खट्ट आठवत नव्हता. मी तिथंच तोंडाला रुमाल लावून किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी दिल्लीची माणसं आली. विमानांचे अपघात का होतात याचा तपास करणारी सरकारची एक वेगळी संस्था असते, हे तोवर आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं सीबीआय आहे, कोणी म्हणालं मिलिटरी. मला वाटलं, वर्दीतले येतील, दारातच विचारतील की पेट्रोल कोण भरतो. आली ती पन्नाशीची एक बाई, उन्हाची टोपी घातलेली, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात चष्मा लटकलेला. तिच्यासोबत पुण्याचा एक टक्कल पडलेला माणूस, मराठीत जबाब लिहून घ्यायला. त्यांनी आल्या आल्या पेट्रोलची पिंपं बंद करायला लावली, बाटल्यांत थोडं थोडं पेट्रोल भरून त्यावर लाखेचं शिक्कामोर्तब केलं, रजिस्टरं पिशवीत घातली. कोणावर ओरडले नाहीत. त्यानं तर मला जास्तच धडकी भरली.

आता चौकशी म्हटल्यावर मी का घाबरतो, ते सांगायला पाहिजे. मी लहान असताना आमच्या वडलांवर फॉरेस्टची चौकशी लागली होती. गोठ्याला लावलेलं एक सागवानी लाकूड कुठलं, एवढ्यावरून. वडील जे बोलले ते एकानं लिहिलं, दुसऱ्यानं वाचून दाखवलं, वडलांनी अंगठा दिला. पुढं कचेरीत तोच कागद निघाला तर त्यात वडील म्हणत होते की लाकूड मी तोडलं. ते तर जुन्या घराचं होतं. वडील शेवटपर्यंत सांगत होते, मी असं बोललोच नाही. तेव्हापासून माझं बोलणं दुसऱ्यानं लिहिलं की मला ते माझं वाटत नाही.

मला ऑफिसात बोलावलं. बाई हिंदीत म्हणाली की आम्ही कोणाला शिक्षा द्यायला आलो नाही, असं पुन्हा होऊ नये म्हणून आलोय, घाबरू नका, आपल्या भाषेत बोला, आपल्या भाषेत माणसाला नीट आठवतं. मनात म्हटलं, फॉरेस्टवाले पण घाबरू नका असंच म्हणाले होते. तिनं पाणी दिलं. मग विचारलं, उजव्या टाकीत शेवटचं पेट्रोल भरलं तेव्हा काय झालं. मी म्हणालो, पेट्रोल टाकलं, झाकण लावून राहिलो होतो, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, मी उतरलो. बस, एवढंच. तिनं विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. मी मान हलवली. त्या 'हाव'बद्दल तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बाई मध्येच बाहेर गेली, तिला फोन आला होता. पुण्याच्या माणसानं लिहिलेलं भराभर वाचलं. सदर, उपरोक्त, तदनंतर असले शब्द कानावरून गेले. कानात नुसता भुंगा चालू होता. मी सही केली. त्यानं एक प्रत माझ्या हातात दिली आणि म्हणाला, घरी वाचा, काही चुकलं असलं तर आम्ही आठवडाभर नांदेडला रेस्ट हाऊसवर आहोत.

घर माझं नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर. बायको इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. मुलगी दहावीला. मी शनिवारी एसटीनं घरी जायचो. त्या शनिवारी गेलो तसा बायकोनं माझ्या खिशातला कागद काढला आणि भाजी निवडता निवडता मोठ्यानं वाचायला लागली. 'तदनंतर मी उजव्या टाकीचे झाकण लावले होते. त्यावेळी मला हाक मारण्यात आल्याने मी शिडीवरून खाली उतरलो.' वाचून ती म्हणाली, बघा, लावलं होतं ना तुम्ही, मग चार दिवस फोनवर कशाला रडून राहिले?

मी म्हणालो, असं मी बोललोच नाही.

तिला मी काय बोललो होतो ते सांगितलं. ती नांदेडची असली तरी माझ्याबरोबर सोळा वर्षं काढलीत तिनं, तिला एका शब्दात कळलं. लावून राहिलो होतो म्हणजे लावणं चालू होतं. लावलं होतं म्हणजे झालं, संपलं. त्या पुण्याच्या माणसानं माझं अर्धं काम पुरं करून टाकलं होतं. आधी तर माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. खोटं नाही सांगत. सरकारच्या कागदावर मी सुटलो होतो. पण मी सुटलो तर अडकणार कोण, हे मला दिसत होतं. माझ्यानंतर त्या झाकणाजवळ जाऊ शकणारी एकच होती.

बायकोनं कागदाची घडी घातली आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवली. म्हणाली, "त्यायनं लिहिलं तसं. तुम्ही कुठं खोटं बोलले?"

तिचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तिलाही आमची मुलगी दिसत होती, माझी नोकरी दिसत होती, मला पोलीस धरून नेताना दिसत होते. साहेबांचाही फोन आला. तुझा जबाब चांगला झाला म्हणतात, आता तोंड उघडू नको, असं ते म्हणाले. त्यांनीही हाक मारली होती, शिवीसकट. ती त्यांना नीट आठवत असणार.

रविवारी बायकोनं मऊ खिचडी केली, डबा भरला आणि म्हणाली, चला, पोरीला बघून येऊ, आपल्या घरापासून दवाखाना दोन पावलांवर, न जाणं बरं दिसत नाही. मला जायचं नव्हतं. मी म्हणालो, माझं डोकं दुखतंय. ती दारात चप्पल घालून उभी राहिली. मग गेलो.

मुलगी पाठीला पट्टा बांधून उताणी पडली होती. डोक्याला पट्टी. मान वळवता येत नव्हती, छताकडंच बघून बोलत होती. स्टुलावर तिचे वडील. मास्तर लोकांचा असतो तसा आवाज, सावकाश, एकेक शब्द तोडून. त्यांनी सांगितलं की डोक्याच्या मारानं तिला त्या सकाळचं काहीच आठवत नाही. आदल्या दिवशीचं जेवण आठवतं, आणि एकदम हरभऱ्याच्या रानात पडलेली आठवते. मधलं सगळं पुसलं गेलंय. दिल्लीच्या बाई येऊन बसल्या होत्या. उजव्या टाकीचं झाकण साखळीला लोंबकळत होतं आणि पंखावर मागपर्यंत निळ्या पेट्रोलचे ओघळ होते, दोन्ही टाक्या आतून जोडलेल्या, म्हणजे उडताना दोन्हीतलं पेट्रोल तिथून बाहेर ओढलं गेलं, असं त्यांनी समजावून सांगितलं. कोणाचं चुकलं ते काही त्या बोलल्या नाहीत.

"पण माझंच चुकलं," मुलगी म्हणाली. "वर मीच चढते. मीच उघडलं असणार."

वडील म्हणाले, तिला सवय नाही हो असं करायची, लहानपणापासून दाराची कडी दोनदा बघणारी पोरगी आहे. मग ते खिडकीकडे बघायला लागले. मुलगी म्हणाली, "मामा, तुम्ही तिथंच होता ना. मी झाकण लावलेलं तुम्ही पाहिलं का?"

मला उत्तर द्यायला किती सोपं होतं. हो, पाहिलं होतं. पहिल्यांदा तिनं लावलेलं मी पाहिलंच होतं. पण तेवढं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग उघडलं कोणी. बायकोनं घाईघाईनं डब्याचं झाकण काढलं, खिचडी गरम आहे म्हणाली. मी म्हणालो, आराम करा मॅडम. आणि बाहेर आलो. व्हरांडा ओलांडून सायकल स्टँडमागं गेलो आणि सकाळचं सगळं ओकलो.

बायको रिकामा डबा घेऊन आली. गेटापर्यंत आम्ही दोघं चाललो. गेटाजवळ ती थांबली. म्हणाली, "कागद डब्याखाली हाय. उद्या घेऊन जा." आणि पुढं चालायला लागली. तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडून राहिली होती.

सोमवारी सकाळी रेस्ट हाऊसवर गेलो तर चौकीदार म्हणाला, सगळे लोह्याकडे विमानापाशी गेलेत. एसटी पकडली. पूर्ण वाट मी खिडकीला डोकं लावून मनातल्या मनात बोलायचं घोकत होतो आणि प्रत्येक थांब्यावर मला उतरून परत जावंसं वाटत होतं. जेलमध्ये भेटायला कोण येईल, मुलीच्या शाळेत पोरं काय म्हणतील, बायकोला मेसमधून काढतील का, असलं काय काय. लोह्याला उतरलो, तिथून पायी. रानाच्या कडेला हवालदार खुर्ची टाकून बसला होता. विमान सरळ करून ठेवलं होतं, निम्म्यावर ताडपत्री. मी त्याच्याकडे न बघता हवालदाराकडे बघत गेलो.

आधी भेटला तो पुण्याचा माणूस. मी कागद पुढं केला आणि म्हणालो, ही ओळ चुकीची आहे, मी झाकण लावलं होतं असं म्हणालो नाही. त्याला राग आला. म्हणाला, हे बघा, मी तुमच्या तोंडचेच शब्द घेतलेत, तुम्ही म्हणालात 'लावून राहिलो होतो', म्हणजे लावलं आणि मग तिथे राहिलात, थांबलात. आता घाबरलेल्या माणसानं गप्प बसायचं की नाही? पण माझ्या बोलीवर कोणी आलं की माझं डोकं सटकतं, ते त्याही वेळी सटकलं.

"साहेब," मी म्हणालो, "आमच्याकडं जेवून राहिलो म्हणणाऱ्याच्या ताटात अजून भाकर असते."

आवाज चढला म्हणून बाई पंखाखालून बाहेर आली. काय झालं, तिनं विचारलं. पुण्याचा माणूस हिंदीत सांगायला लागला की हे म्हणतात, लावून राहिलो होतो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, अच्छा, लगा रहे थे. एकदम बरोबर. हिंदीत तसंच तर आहे. दिल्लीच्या बाईला माझी बोली समजली आणि मराठी माणसाला नाही. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि माझी माफी मागितली, म्हणाला, मी विचारायला पाहिजे होतं. बाईनं त्याला म्हटलं, नवीन कागद घ्या.

मग ती मला डाव्या पंखाकडे घेऊन गेली. डावं झाकण धड होतं. एक स्टूल ठेवलं आणि म्हणाली, त्या दिवशी जसं केलं तसं करून दाखवा, विचार करू नका, डोळे मिटा. मी स्टुलावर चढलो. हवालदारानं स्टूल धरलं. डोळे मिटले, झाकण घेतलं, बसवलं, आणि मनगट वळायच्या आधीच माझा हात थांबला. आपोआप. तिनं म्हटलं पुन्हा करा. पुन्हा तिथंच थांबला. तिसऱ्यांदाही. सात दिवस मी ज्या खट्टची वाट बघत होतो तो झालाच नव्हता, हे माझ्या हाताला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी डोळे उघडले आणि म्हणालो, इथपर्यंत. तिनं माझ्या हाताचा फोटो काढला.

आणि मग न विचारता मी बाकीचं सांगितलं. ती मुलगी धावत आली, तिनं विचारलं, मी हाव म्हणालो. पुण्याचा माणूस लिहीत होता. तो हळूच म्हणाला, 'हो' लिहू की 'हाव'? बाई म्हणाली, जे बोलले ते. मी विचारलं, मला आता धरून नेणार का? ती नाही म्हणाली. म्हणाली की हाक मारायला नको होती, तुम्ही हाव म्हणायला नको होतं, आणि उशीर झाला तरी त्या मुलीनं पुन्हा वर चढून बघायला पाहिजे होतं. तिन्ही गोष्टी मी लिहीन, नाव कोणाचंच येणार नाही. पण तुमची शाळा तुमचं काय करेल ते माझ्या हातात नाही. खोटा धीर तिनं दिला नाही. मी म्हणालो, मग त्या पोरीला तुम्ही सांगा. तर ती म्हणाली, एकाचा जबाब दुसऱ्याला सांगायची आम्हाला मनाई आहे. आणि टोपी घालून कामाला लागली.

नोकरी त्याच महिन्यात गेली. रिपोर्ट पुढं वर्षभरानं निघाला, इंग्रजीत, माझ्या मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवला. त्यात मी 'इंधन भरणारा कर्मचारी' आहे. शेवटी सूचना आहेत, त्यात एक अशी की इंधन भरणाऱ्याला काम संपेपर्यंत शिडीवरून खाली बोलवू नये. ते वाचल्यावर मला बरं वाटलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या सोमवारी लोह्याहून मी सरळ दवाखान्यात गेलो. सरकारी बाईसमोर बोललो तेव्हा वाटलं होतं की आता भीती संपली. ती वॉर्डच्या दारात पुन्हा भेटली, आधीपेक्षा मोठी. दोनदा मी दारातून मागं फिरलो. तिसऱ्यांदा नर्सनं विचारलं, कोणाला भेटायचंय, तेव्हा जावंच लागलं. वडील स्टुलावर होते. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो, म्हणजे तिला मान न वळवता मी दिसेन.

"मॅडम, झाकण तुम्ही उघडं ठेवलं न्हाई. तुम्ही लावून गेल्यावर मी ते परत उघडलं. मी पिळलं न्हाई. आन तुम्ही येऊन मला विचारलं, झाकण लागलं का, तर मी हाव म्हणालो."

वडील उठले, स्टूल पडलं. ते दोन पावलं माझ्याकडे आले. मला वाटलं, मारतील, आणि मी हात वर केले नाहीत. पण ती बोलली म्हणून ते थांबले.

"मी विचारलं होतं?"

हाव, मी म्हणालो, विचारलं होतं.

"कसं विचारलं?"

मला आधी कळेना, ती काय मागते आहे. मग कळलं. ती सकाळ तिच्याकडे नव्हती, माझ्याकडे होती. मी सांगायला लागलो. तुम्ही आधी डाव्या बाजूनं चढल्या, मग उजव्या, दोन्ही झाकणं पिळली, मला म्हणाल्या, तुमच्यावर विश्वास आहे पण सरांनी असंच शिकवलंय. मग ऑफिसात गेल्या. मी वर चढलो. तुम्ही धावत आल्या, काखेत फाईल, केसांचा चाप एका बाजूला निसटलेला. तुम्ही म्हणाल्या, मामा, झाकण लागलं? मी म्हणालो, हाव. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. वडलांनी स्टूल उचललं आणि बसले, दोन्ही हातांत तोंड धरून. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती माझ्याबरोबर ओठ हलवत होती, पाठ करत असल्यासारखी. मला बस म्हणालं नाही कोणी, जा पण म्हणालं नाही. चौथ्यांदा सांगताना 'हाव'पाशी माझा आवाज फुटला आणि मी थांबलो.

"थांबू नका मामा," ती म्हणाली. "मी विचारलं तिथून पुन्हा सांगा."